बाराच्या पाण्याची वही

सोमवार, १५ एप्रिल

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तेव्हा कुठे कॉलेजला माझी आठवण झाली. आठवण म्हणजे निलेशचा फोन.

"मॅडम, आपल्या प्राध्यापकांसाठी प्रशिक्षण वर्ग आहे. वेगवेगळ्या घरांतून, गावांतून येणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांना मार्गदर्शन कसं करावं, यावर. तुमच्यासारखं अनुभवी माणूस हवं."

मी म्हटलं, "पस्तीस वर्षं मी ते प्रशिक्षणाशिवाय केलं."

तो हसला. निलेश माझाच विद्यार्थी. आता भूगर्भशास्त्राचा विभागप्रमुख आहे, पण मी तोडून बोलले की हसायचं ही सवय गेलेली नाही.

तर आज पहिला दिवस. अकरा प्राध्यापक, एक पडदा, थंड झालेले समोसे आणि प्रत्येकाला एक गुळगुळीत पुस्तिका. पहिल्याच पानावर सूचना: विद्यार्थ्याला विचारा, तू कामाला कोणत्या वेळी जातोस, कोणत्या वाटेने जातोस, तिथे तुला कोण काय म्हणतं. मी विचारलं, "हे मार्गदर्शन आहे की पोलीस चौकशी?" सगळे हसले. मग मी त्यांना आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर फिलोमिनांबद्दल सांगितलं. कलेक्टरची मुलगी असो की कोळणीची, अक्षर रेघेखाली गेलं की दोघींच्या बोटांवर तीच पट्टी. मीही तेच केलं. उभ्या आयुष्यात एकाही विद्यार्थ्याला गाव, वाडी, जात विचारली नाही. याचा मला अभिमान आहे. इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण वर्गात हे म्हटल्यावर दोघीतिघी उगाच खाली बघू लागल्या.

गुरुवार, १८ एप्रिल

मला कशासाठी बोलावलं ते आज कळलं.

चहाच्या वेळी निलेश बाजूला घेऊन गेला. त्याच्याकडे शमिका मोहिते नावाची मुलगी पीएच.डी. करते, दुसरं वर्ष. विषय जांभा दगडाखालचं पाणी. राजापूरच्या वाटेवर आंबेखोल म्हणून गाव आहे, तिथल्या सड्यावरच्या, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावरच्या, विहिरीची पातळी ती मोजते. रोज, सकाळी आठ वाजता, टेप सोडून. तो आमच्या विभागाचा नियमच आहे. मीच घालून दिलेला.

"आणि मॅडम, ही मुलगी लिहिते की भर उन्हाळ्यात, दुपारी बारा वाजता, पाणी तीन मीटर वर येतं. तासाभराने खाली जातं. मी दोनदा स्वतः गेलो. सकाळी आठला पाणी तळाला. सरळ खोटे आकडे आहेत."

तीस मेला समितीपुढे तिची सुनावणी आहे. प्राचार्य, निलेश आणि बाहेरची तज्ज्ञ म्हणून मी. प्राचार्यांना पाण्यातलं काही कळत नाही, ते माझ्या मताने जाणार. मी आकडे खोटे म्हटलं तर तिची नोंदणी रद्द, शिष्यवृत्ती बंद, मुलगी घरी.

मी म्हटलं, "खोटे आकडे लिहिणाऱ्याला माझ्याकडे माफी नाही. एकाला काढलंय मी."

"माहीत आहे, मॅडम," निलेश म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

सोमवार, २२ एप्रिल

शमिका वही घेऊन आली. बारीक, काळी, केस घट्ट बांधलेले. चपला खोलीबाहेर काढल्या. आजकाल कोण काढतं? मला जुनी चीड आली. देवळात आल्यासारखं वागायचं आणि वहीत थापा लिहायच्या.

"तुला वेळ आठची दिली आहे ना?"

"आठची पण घेते मॅडम. बाराची जास्तीची. कारण आमच्याकडे—"

मी हात वर केला. आधी वही, मग कारणं.

अक्षर चांगलं आहे. आठचा रकाना नेमका. बाराच्या रकान्यात बहुतेक दिवशी तोच आकडा, पण मधूनच एखाद्या दिवशी झेप. काठापासून पाणी सकाळी ९.४० मीटर, बाराला ६.१५. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं? मी जसंच्या तसं उतरवते: "पाणी वर आल्यावर कातळावर ओली पावलं. एका माणसाची, अनवाणी. विहिरीपासून पश्चिमेला. मोजली: १७." चार दिवसांनी पुन्हा पाणी, पुन्हा पावलं: १८. आधीची पानं चाळली. दर खेपेला एक वाढलेलं. गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये सुरुवात झाली ती एकापासून.

शेजारी पावलाचं चित्रही काढलंय. डाव्या पायाला चारच बोटं.

"आणि हे काय? बोटं मोजता येत नाहीत?"

"दिसली तेवढीच काढली मॅडम."

"परतीची पावलं कुठायत?"

"परत नाही जात."

तिने ते इतकं साधेपणाने सांगितलं की मी फक्त पानांचे झेरॉक्स काढून घेतले आणि तिला जायला सांगितलं.

मंगळवार, २३ एप्रिल

६.१५. हा आकडा सकाळपासून डोक्यातून जाईना. चहा करताना, झाडांना पाणी घालताना. शेवटी कपाट उघडलं आणि साड्यांच्या खालून महेंद्र तांबेची वही काढली.

महेंद्र माझ्याकडे सत्त्याण्णव साली आला. हुशार होता, पण हट्टी. त्यालाही आठची वेळ दिली होती, आणि त्यानेही बाराचे आकडे लिहून आणले. मी जीप काढून सकाळी आठला गेले, पाणी तळाला होतं. वही जप्त केली, चौकशी लावली, जून नव्व्याण्णवमध्ये त्याची नोंदणी रद्द झाली. पुरावा म्हणून वही मी घरी आणली आणि ती तशीच राहिली. विहीर कोणती, ते मी इतक्या वर्षांत विसरले होते. आज पहिल्या पानावर वाचलं. आंबेखोल, वरचा सडा.

जेवणाच्या टेबलावर शमिकाच्या पानांचे झेरॉक्स आणि ही वही शेजारी ठेवली. पंधरा एप्रिल, महेंद्र: ६.१५. पंधरा एप्रिल, शमिका: ६.१५. एकोणीस एप्रिल, ६.०२ आणि ६.०२. मार्चमधले दिवसही तेच, आकडेही तेच, सेंटिमीटरसुद्धा इकडचा तिकडे नाही. मध्ये पंचवीस वर्षं.

तिने चोरले म्हणावं, तर कुठून? ही वही पंचवीस वर्षं डांबराच्या गोळ्यांत आहे आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. महेंद्रच्या वहीत पावलं मात्र नाहीत. फक्त पाणी.

माझ्या मनात आधी काय आलं ते प्रामाणिकपणे लिहिते. हे कोणाला कळायची गरज नाही, असं आलं.

रविवार, २८ एप्रिल

योगायोग म्हणावा, तर सलग अकरा नोंदी. भरती-ओहोटी म्हणावी, तर समुद्र मैलोगणती दूर आणि खाली. मधूनच प्रकटणाऱ्या राजापूरच्या गंगेसारखं काही म्हणावं, तर घड्याळ बघून येणारी गंगा मी ऐकलेली नाही. चार पानं गणितं केली. एकही लागू पडत नाही.

मग लक्षात आलं की माझ्याकडे एक गोष्ट आहे जी शमिकाकडे नाही. महेंद्रच्या वहीत शेवटची नोंद नऊ मे, ५.८८. म्हणजे नऊ मेला, बारा वाजता, ५.८८ यायला हवं. आलं नाही तर मुलगी खोटी आणि माझी सुटका. ही शास्त्रीय कसोटी आहे. मी स्वतः जाणार.

निलेशला कळवलं तर म्हणाला, "मॅडम, उन्हाचं बाराला सड्यावर कशाला? गावातले लोकसुद्धा त्या वेळी तिथे फिरकत नाहीत."

"तुला कसं माहीत?"

"असंच," म्हणाला आणि फोन ठेवला.

गुरुवार, ९ मे

संध्याकाळी घरी येऊन लिहायला बसले आहे. क्रमाने लिहिते.

रत्नागिरीहून साडेसातच्या एसटीने निघाले. आंबेखोलच्या नाक्यावर शमिका उभी होती. रिक्षा सड्याच्या कडेपर्यंत आली. पोचल्यावर आधी विहिरीत टेप सोडला: ९.७१, तळाला गढूळ टीचभर पाणी. विहीर आता कोणी वापरत नाही, वाडीत नळ आलाय. बाराला वेळ होता म्हणून शमिका मला खालच्या, तिच्याच बौद्धवाडीत एका घरी घेऊन गेली.

पडवीत एक म्हातारी सुपात तांदूळ निवडत होती. शमिका म्हणाली, "सखूआजी, या कॉलेजच्या मॅडम. शेट्ये मॅडम."

म्हातारीचे हात थांबले. "म्हजे माझ्या महेंद्रच्या बाई?"

मुलगी मला इथे मुद्दाम घेऊन आली होती.

"बसा. तो लय सांगायचा तुमचं. बाईंचं अक्षर असं, बाईंचं विंग्रजी असं." तिने तांब्या पुढे केला. "पानी घ्या. उनाच्या आलात."

मी विचारलं, "महेंद्र मुंबईला असतो ना? मी तसं ऐकलं होतं."

"मुंबईला? नाय वो. तुमी काढलात तवा घरीच आला. कुनावर रागावला नाय. बोलला, वही नाय तर नाय, मोजनी चालू ठेवायची. येक वरीस मोजीत व्हता. मग मे महिन्यात बाराचा ग्येला नि आलाच नाय. चपला व्हत्या काठावर. मानसं उतरली विहिरीत. गुडघाभर पानी. काय गावला नाय."

ती हे तांदूळ निवडतानाच सांगत होती. खडा सापडला की बाजूला टाकत होती.

आणि मग मी तो प्रश्न विचारला. का विचारला ते माहीत नाही. "पण बाराच का? मी त्याला आठची वेळ दिली होती."

सखूबाईने माझ्याकडे पाहिलं. शाळेत न गेलेल्या मुलाकडे मास्तर बघतो तसं. "आठला आमाला कोन उभं करनार विहिरीवर? सकाळचा पानी वरच्या वाडीचा. त्यांचा सगळा झाला, घागरी गेल्या, की बाराला आमी. माझी सासू बाराला जायची, मी बाराला जायची. पोरगा कवा जानार? वरच्या वाडीची मानसं त्याला बोलली पन व्हती, मोजायचं तर तुमच्या टायमाला मोज. आनि पानी बी आमच्या टायमालाच वर यायचं. आमच्या बायकांनी कवा लांब दोर घेतला नाय. तुमाला तो सांगत व्हता ना?"

सांगत होता. "मॅडम, आमच्याकडे—" इथपर्यंत. मी हात वर केला होता.

शमिका हळूच म्हणाली, "आता कोणी अडवत नाही मॅडम. पण माझ्या आजीने आईला, आईने मला, बाराचंच सांगितलेलं. म्हणून मी बाराची जास्तीची घेते."

निघताना सखूबाई म्हणाली, "संभाळून जा. कातळ तापलाय. म्हेंद्याचा डावा पाय आधीच अधू, लहानपनी कोयतीने करंगळी गेलेली. तरी अनवानी फिरायचा मेला." आज सकाळीच तिकडून गेल्यासारखं बोलली. म्हातारपणी काळाचं भान राहत नाही.

पावणेबाराला सड्यावर. मी रस्त्याच्या कडेला काजूच्या सावलीत दगडावर बसले, विहिरीपासून वीसेक पावलांवर. शमिका काठावर टेप घेऊन. सगळीकडे काळा कातळ, त्याच्यावर हवा थरथरते आहे. एक पक्षी नाही. कडेच्या वाळक्या गवतातले किडे मघापासून किरकिरत होते, ते एकदम गप्प झाले. तेव्हा मी घड्याळ बघितलं.

विहिरीच्या तळातून आवाज आला. घागर पाण्यात तिरपी केली की येतो तसा. मग दुसरी घागर. मग अनेक. शमिकाने टेप सोडला आणि मला ऐकू येईल असं म्हणाली, "पाच अठ्ठ्याऐंशी."

मी तिला तो आकडा सांगितलेला नव्हता.

नंतर पावलं. मी जे पाहिलं तेवढंच लिहिते. काठाशी एक ओला डाग उमटला, मग पुढे दुसरा, मग तिसरा. कातळ इतका तापलेला की डाग पूर्ण दिसायच्या आत कडेने वाळायला लागतो. मी मोजत राहिले, कारण मोजण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही. तेवीस. तेविसावं माझ्या दगडापासून दोन हातांवर होतं. डावं. बेडूक असावा. उन्हाळ्यात विहिरीतले बेडूक वर येतात.

शमिकाने वही माझ्यापुढे धरली. "मॅडम, तपासलं म्हणून सही करता?"

मी म्हटलं, "तीस तारखेनंतर बघू." आणि रिक्षाकडे चालू लागले. मागे वळून पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही नव्हतं.

सोमवार, १३ मे

निलेशला केबिनमध्ये गाठलं. दोन्ही वह्या पुढे ठेवल्या. त्याने आकड्यांकडे पाहिलंच नाही, फक्त महेंद्रच्या अक्षरावर बोट फिरवलं.

"तुम्ही जीपने गेलात तेव्हा मी बरोबर होतो, मॅडम. एम.एस्सी.ला होतो. आठवतं?"

आठवत नव्हतं.

"तो मला आदल्या दिवशी म्हणाला होता, मॅडमना बाराला आण रे, फक्त एकदा. मी जीपमध्ये तुम्हाला सांगणार होतो. तुम्ही हात वर केलात."

"मग आता त्या मुलीच्या वेळीही तू आठलाच गेलास?"

"तुम्हीच शिकवलंत, मॅडम." त्याने महेंद्रची वही मिटली. "एक सुचवू? बाराच्या नोंदी वहीतून काढून टाकायच्या. नुसत्या आठच्या ठेवायच्या. तिची डिग्री होईल, तुमचं नाव राहील, माझं पण. शमिकाला मी समजावतो."

"ती ऐकेल?"

"आईवडील काजूच्या कारखान्यात आहेत. ऐकावं लागेल."

मला त्याचा राग आला. मग आठवलं की हा मीच तयार केलेला माणूस आहे, पट्टीने एका रेघेत आखलेला. मी दोन्ही वह्या उचलून उठले.

आज वर्गात पुस्तिकेचं पहिलं पान पुन्हा निघालं. या वेळी मी विनोद केला नाही. एका तरुण प्राध्यापिकेने विचारलं, "मॅडम, तुमच्या अनुभवात असं कधी झालं का, की न विचारल्यामुळे नुकसान झालं?" मी म्हटलं, "आठवत नाही." खोटे आकडे लिहिणाऱ्याला माझ्याकडे माफी नाही, हे मीच म्हटलं होतं ना?

सोमवार, २० मे

शमिकाला निलेशने समजावलं. तिने नाही म्हटलं. म्हणाली म्हणे, "सर, बाराच्या काढल्या तर मी गेलेच नव्हते असं होईल."

दुपारी तिचा मला फोन. "मॅडम, आज पाणी आलं होतं. सव्वीस पावलं."

"बरं."

"मॅडम, कातळ संपला. आजची शेवटची दोन रस्त्याच्या डांबरावर आहेत. तुम्ही बसलात त्या दगडाला वळसा घालून गेली."

"कुठल्या दिशेला?"

"रत्नागिरीच्या."

शुक्रवार, २४ मे

अंगणात पालापाचोळा जाळायला काढला होता. महेंद्रची वही हातात घेऊन आगीपाशी दहा मिनिटं उभी राहिले. ही वही नसली तर शमिकाचे आकडे नुसतेच तिचे. मी एक शब्द बोलायचा, मुलगी घरी, महेंद्र होता तिथे. दुसरा सोपा मार्ग म्हणजे आजारपण. माझ्या वयाच्या बाईला ताप आला तर कोण तपासायला येतं?

वहीचं शेवटचं पान उघडलं. नऊ मेची नोंद, आणि खाली 'तपासले' या शब्दापुढे माझ्या सहीसाठी त्याने आखलेली रेघ. पट्टीने, सरळ.

आग आपोआप विझली. पाचोळा ओला निघाला. पाऊस नाही, दव नाही, काल सुकवून ठेवलेला पाचोळा.

गुरुवार, ३० मे

झालं.

प्राचार्यांच्या खोलीत एसी इतका गार की शाल घ्यावी लागली. शमिका एका टोकाला, हात मांडीवर. तिची आई बाहेर बाकावर बसली होती, कारखान्यातून अर्धा दिवस सुटी काढून. आई आत येणार का विचारलं तर शिपाई म्हणाला, पालकांना परवानगी नाही. मी म्हटलं, "मग मलाही नाही. आण त्यांना." आली. काजूच्या चिकाने बोटं काळी पडलेली, ती पदराखाली झाकून बसली.

निलेशने अहवाल वाचला. प्राचार्य माझ्याकडे वळले. "शेट्ये मॅडम, आपलं मत?"

मी दोन्ही वह्या टेबलावर उघडून ठेवल्या.

"शमिका मोहितेचे बाराचे आकडे खरे आहेत. नऊ मेला मी स्वतः हजर होते. हे आकडे पंचवीस वर्षांपूर्वी महेंद्र तांबेने आधीच नोंदवले होते. त्याला मी खोटं ठरवलं. तपासायला सकाळी आठला गेले, कारण तो बाराला का जातो हे मी त्याला विचारलं नाही. सकाळी त्या विहिरीवर त्याला उभं राहू देत नव्हते. त्याला कुठल्या वेळी काय दिसतं, ते त्याला कुठल्या वेळी उभं राहू देतात यावर होतं. हे मला कळायला हवं होतं. वही मी पंचवीस वर्षं कपाटात ठेवली. तो आता नाही."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "मॅडम, हे असंच्या असं इतिवृत्तात घ्यायचं? तुमच्या नावाने तर आपलं पारितोषिक आहे."

"असंच्या असं. आणि पारितोषिकाचं नाव बदला. महेंद्र तांबे. 'द्र' नीट काढा, बोर्डवाले चुकतात."

"पण पाणी का वर येतं, याचं स्पष्टीकरण?"

"माझ्याकडे नाही. तिला शोधू दे. पीएच.डी. त्यासाठीच असते."

निलेशने अहवालावर आडवी रेघ मारली. नोंदणी कायम. खाली त्याची सही, मग माझी. माझं अक्षर रेघेखाली गेलं.

बाहेर आल्यावर शमिकाची आई म्हणाली, "मॅडम, पोरगी आता कुणाच्या हाताखाली?"

निलेश मागे उभा होता. "माझ्याच, ताई," तो म्हणाला. "पण पुढच्या वेळी मी बाराला येईन. डबा घेऊन."

शमिका त्याच्याकडे बघून हसली. थोडंसंच. तिने त्याला अजून माफ केलेलं नाही, आणि ते योग्यच आहे. मला म्हणाली, "मॅडम, सखूआजीला तुम्ही सांगाल ना? मी सांगितलं तर ती म्हणेल, मला माहीतच होतं."

"सोमवारी येते," मी म्हटलं.

शुक्रवार, ३१ मे

दुपारचा एक वाजत आला आहे.

साडेअकराला शमिकाचा फोन आला. ती विहिरीवर होती. "मॅडम, आज पाणी येईल असं वाटतंय. बारानंतर कळवते." बाराला पाच मिनिटं कमी असताना पुन्हा फोन. "किडे गप्प झाले, मॅडम." मग बारा वाजून पाच मिनिटांनी: "पाणी आलं. पावलं नाहीत. एकही नाही. गेल्या वर्षीच्या मार्चपासून पहिल्यांदा."

मी म्हटलं, "लिहून ठेव. शून्य हीसुद्धा नोंद असते." आणि फोन ठेवला.

मांडवीच्या समुद्रावरून वारा येत होता. दाराबाहेर उन्हात सगळं कोरडं, फाटक बंद, कडी लागलेली. पायरीवर ओला डाग. पुढच्या पायरीवर दुसरा. मी फडकं आणून पुसला. वळले तर व्हरांड्यात तिसरा होता. तोही पुसला. मग उंबऱ्याच्या आत, लाल कोब्यावर. तो पुसला नाही. डाव्या पायाचा होता, आणि मी त्याची बोटं मोजली. चार. बेडूक असावा असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. तेव्हाही मला ते ठाऊक होतं.

डाग आत आला आणि माझ्या टेबलापासून थोडा लांब थांबला, विद्यार्थी दारात उभे राहायचे तेवढ्या अंतरावर. तिथे पाणी साठायला लागलं आहे. घरात घागर बुडाल्याचा आवाज नाही, काही नाही. नुसतं पाणी टपकतं आहे, हळू.

मी घाबरले आहे. तसं लिहिते, कारण ही नोंद खरी असायला हवी.

वही टेबलावर उघडी ठेवली. नऊ मेच्या पानावर, त्याने आखलेल्या रेघेवर सही केली आणि खाली आजची तारीख घातली, मागची नाही. मग पहिल्या पानापासून प्रत्येक पानावर केली. एकशे बारा पानं. शेवटी शेवटी मनगट दुखायला लागलं. तो उभाच होता.

मग मी समोरची खुर्ची ओढली, तिच्यावरची वर्तमानपत्रं खाली ठेवली आणि म्हटलं, "बस महेंद्र. पहिल्यापासून सांग. मी मध्ये बोलणार नाही."

खुर्चीच्या वेताचा रंग हळूहळू गडद होतो आहे.

"आणि जरा मोठ्याने सांग रे. मला आता कमी ऐकू येतं."